‘किती वर्षं टिकणार?’ : मुलाखत, बॉण्ड आणि आपली नीती

सरकारी भरतीचा निकाल लागायचा आहे. घरात पैसा आजच हवा आहे. अंधेरीच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिकांच्या जागा निघतात आणि मुलगी घाटकोपरहून मेट्रो पकडून मुलाखतीला जाते. समोरून प्रश्न येतो, ‘‘किती वर्षं टिकणार?’’ तिला पक्के ठाऊक असते की सरकारी निवड यादीत नाव आले की ती इथे थांबणार नाही. मग तिने काय उत्तर द्यावे? आणि मुळात, जी नोकरी आपण ठेवणार नाही तिच्या मुलाखतीला जाणे नीतीला धरून आहे का?

आमच्या रविवारच्या वर्गात जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुली येतात. प्रत्येक भरतीच्या हंगामात हा प्रश्न निघतो आणि त्यांना दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. तरुण कार्यकर्ते म्हणतात, ‘‘बिनधास्त दे मुलाखत. जे ऐकायचंय ते ऐकव त्यांना. कॉल आला की सोड. भांडवलदाराशी कसली नीती?’’ विहारातले ज्येष्ठ म्हणतात, ‘‘रोज पंचशील घेतो आपण. चौथं शील काय आहे, विसरलात का?’’

दोन्ही बाजूंनी हा प्रश्न मुलगी आणि मालक यांच्यापुरताच धरला आहे, आणि घोळ तिथेच आहे. मालकाचे काय देणे लागतो, याचा हिशेब सोपा आहे. पण या व्यवहारात आणखी दोन माणसे आहेत. एक खाटेवर पडलेला रुग्ण. दुसरी रांगेत आपल्या मागे उभी असलेली मुलगी. मालकाला सोडून जाण्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही. या दोघांच्या बाबतीत मात्र आपण फार सैल वागतो, आणि त्याबद्दल चळवळीत कुणी बोलत नाही.

आधी मालकाचा हिशेब उरकून घेऊ.

‘किती वर्षं टिकणार?’ हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात. लग्न कधी करणार? मूल कधी होणार? आणि सरकारी परीक्षा देता का? पहिले दोन पुरुष उमेदवाराला कुणी विचारत नाही. प्रसूती लाभ कायद्याने २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि ती टाळण्याची सुरुवात मुलाखतीच्या टेबलावरच होते. प्रसूतीच्या काळात कष्टकरी बाईला पगार मिळावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाजू मांडली होती. त्याला शंभर वर्षे होत आली, आणि आमच्या मुलीला अजून पाळणा कधी हलणार ते विचारले जाते!

तिसरा प्रश्न खास आपल्यासाठी आहे. आडनाव ऐकून, पत्त्यात ‘रमाबाई आंबेडकर नगर’ वाचून, किंवा अर्जातला जातीचा रकाना पाहून तो विचारला जातो. (खासगी नोकरीत आरक्षण नाही, मग अर्जात जातीचा रकाना कशाला, हेही कधी विचारून पाहा.) ‘‘तुम्हाला काय, सरकारी मिळेलच,’’ हे हसून म्हटले जाते. त्याचा अर्थ तिला कळतो आणि म्हणणाऱ्यालाही.

आता हाच प्रश्न उलटा विचारा. रुग्णालय तिला किती वर्षे ठेवणार? नियुक्तिपत्र वाचा. बहुतेक पत्रांत अकरा महिन्यांचा करार असतो, नाहीतर एक महिन्याची नोटीस देऊन कधीही कमी करण्याचा अधिकार असतो. कोविडमध्ये टाळ्या-थाळ्या वाजल्या, कंत्राटावर मुली भरल्या, आणि लाट ओसरल्यावर त्यातल्या अनेकजणी घरी बसल्या. त्यांना घेताना ‘आम्ही तुला टिकवणार नाही’ असे कुणी सांगितले होते का? ज्या करारात एकाच बाजूने निष्ठा मागितली जाते त्या कराराला नीतीची भाषा लावणे हाच मोठा अप्रामाणिकपणा आहे.

पगाराचेही पाहू. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितले. त्या समितीने स्पष्ट आकडे दिले : २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका असावा, १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी तो फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी, आणि त्याहून लहान नर्सिंग होममध्येही २०,००० रुपयांच्या खाली असू नये. केरळच्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या, म्हणून तिथल्या सरकारला २०१८ मध्ये २०,००० रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. आपल्याकडे? बोरिवली-मुलुंडच्या वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये बारा तासांची रात्रपाळी करून हातात पंधरा-सोळा हजार घेणाऱ्या मुली माझ्या वर्गात बसलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, आणि ‘एम्स’च्या नर्सिंग ऑफिसरचे ४४,९०० पासून. वर भत्ते, रजा, आरोग्य सुविधा. काम तेच, सलाईन तेच, मलमूत्र तेच. मग ती का टिकेल? तिने टिकावे असे ज्याला वाटते त्याच्या हातात सरळ उपाय आहे : पगार वाढवा.

पगार वाढवायचा नसतो म्हणून बॉण्ड येतो. दोन वर्षे, तीन वर्षे सोडणार नाही असे लिहून घ्यायचे, आणि मूळ गुणपत्रिका, नोंदणीचे प्रमाणपत्र कपाटात टाकायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात केरळहून आलेल्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली. तेव्हा बॉण्ड आणि अडकवलेली प्रमाणपत्रे हा विषय चव्हाट्यावर आला, परिचारिका संपावर गेल्या. भारतीय परिचर्या परिषदेनेही त्याच वर्षी बॉण्डची पद्धत आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे याविरुद्ध भूमिका घेतली. पण परिपत्रक दिल्लीत राहते आणि कपाटाची किल्ली मुलुंडच्या प्रशासकाकडे.

आंबेडकरी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. काम सोडता येत नाही, मोबदला देणारा ठरवणार, हाक आली की रात्री-अपरात्री हजर व्हायचे. याला आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावात वतन म्हणत. महारकी हे वतन आहे, मान आहे, असे सांगून माणसे बांधून ठेवली होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्याविरुद्ध विधेयक आणले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. पुढे १९३८ मध्ये मुंबईत औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा त्यांनी विधानसभेत मांडलेला मुद्दा हाच होता : माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला भाग पाडणे म्हणजे गुलामी, आणि काम नाकारण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे. ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात ते स्वतः कामगारांबरोबर उतरले. नोकरी सोडून जाण्याचा हक्क आपल्याला कुणी भेट दिलेला नाही. तो वापरताना मान खाली घालायचे काहीच कारण नाही.

इथे एक सावधगिरी. ‘बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही’ असे ठोकून सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ते मुलींना खड्ड्यात घालतील. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती, देशभर जाहिरात देऊन केलेली भरती होती, पद वरच्या पगाराचे होते; वीस खाटांच्या नर्सिंग होमची तिच्याशी तुलना होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाईसुद्धा वाजवी तेवढीच मागता येते, बॉण्डवर लिहिलेला आकडा डोळे झाकून मिळत नाही. पण सही ही सही असते. बॉण्ड मागितला तर आधी वाचा, फोटो काढा, वकील असलेल्या कार्यकर्त्याला दाखवा. आणि मूळ कागदपत्रे कुणाच्याही हातात ठेवून यायची नाहीत. साक्षांकित प्रती द्या. ‘मूळ ठेवावीच लागतील’ म्हणणाऱ्याकडे नोकरी करू नका, ती कितीही जवळ असली तरी.

‘सेवा’ या शब्दाबद्दलही एकदा बोलले पाहिजे. मुलगी सोडते म्हटले की मेट्रन तिला ऐकवते, ‘‘हा पेशा नाही, सेवा आहे.’’ सेवा काय असते ते आपल्याला शिकवू नका. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई रुग्णांना घेऊन यशवंतांच्या दवाखान्यात जात होत्या आणि त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. ती सेवा. ज्या रुग्णालयाच्या बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ नावाची दर दिवसाची वेगळी ओळ असते आणि त्यातला किरकोळ हिस्सा परिचारिकेला मिळतो, तिथे तो धंदा आहे. धंद्यात वावगे काही नाही, पण धंद्याने सेवेचा पदर ओढू नये. दुसऱ्याच्या रक्ता-मलमूत्राला हात लावण्याचे काम विटाळाचे मानून वरच्या जातींनी कितीतरी काळ टाळले. आपल्या आया पालिकेत झाडू मारून, रुग्णालयात ‘मावशी’ म्हणून राबून निवृत्त झाल्या. त्यांच्या मुली आता सिस्टर होत आहेत. त्यांना ‘सेवा’ म्हणत पुन्हा फुकटात राबवायचे, हा जुनाच डाव आहे.

सोडून जाण्याला दोन वेगळी नावे आहेत, तेही पाहा. एखादी आखाताला गेली, इंग्लंडला गेली तर ते ‘करिअर’. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. म्हणजे सरकार स्वतः सांगते, जा. पण रमाबाई नगरची मुलगी तीन महिन्यांत राजीनामा देऊन सरकारी नोकरीत गेली की ‘या लोकांचं असंच असतं’. हे ओझे आपण उचलायचे नाही. एकीच्या राजीनाम्याचा जाब सगळ्या समाजाने द्यावा, ही अपेक्षाच जातीची आहे.

आता चौथ्या शीलाकडे येऊ, कारण ज्येष्ठांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. मृषावादापासून दूर राहण्याचे शील आपण घेतो आणि त्यात ‘मालक वाईट असेल तर चालेल’ अशी पळवाट नाही. पण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी मालक आणि सेवक यांच्यासाठीही विनय दिला आहे. त्याचा आधार सिगालोवाद सुत्तात आहे. तिथे मालकाची कर्तव्ये आधी येतात : ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. मग सेवकाची : काम नीट करावे, दिलेले असेल तेवढेच घ्यावे, मालकाचे नाव राखावे. दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या आहेत. आणि जन्मभर, किंवा तीन वर्षे, सोडून जाऊ नये असे त्यात कुठेही नाही. थोडक्यात, नोकरी न ठेवण्यात शीलभंग नाही. शीलभंग होतो तो ‘तीन वर्षं नक्की राहीन’ असे तोंडावर सांगण्यात.

मग टेबलासमोर बसलेल्या मुलीने करावे काय? मी वर्गात असे सांगतो : विचारले नाही ते सांगण्याचे बंधन नाही, विचारले ते खोटे सांगायचे नाही. ‘सरकारी परीक्षा देता का’ असे थेट विचारले तर, ‘‘हो, देते. निवड झाली तर ठरलेली नोटीस देऊन जाईन. तोपर्यंत रात्रपाळीसकट सगळं काम करीन.’’ ‘किती वर्षं’ असे विचारले तर, ‘‘पगार आणि कामाचे तास ठीक असतील तर इथेच शिकायला आवडेल, वर्षांचा शब्द मी देऊ शकत नाही.’’ लग्नाचे विचारले तर, ‘‘त्याचा या कामाशी संबंध नाही.’’ शब्द आपापले बनवा. आवाज चढवायची गरज नाही.

यावर वर्गातली एक मुलगी फाडकन म्हणाली, ‘‘सर, असं बोलून नोकरी जाते.’’ जाते, कधी कधी. पण रोज नाही. उपनगरांत परिचारिकांची चणचण आहे, मुली टिकत नाहीत हे एचआरला आपल्याहून चांगले ठाऊक आहे, आणि पुष्कळ ठिकाणी हे उत्तर ऐकूनही ‘सोमवारी जॉइन व्हा’ म्हणतात. ज्या मुलीच्या घरात वडील अंथरुणाला खिळलेले आहेत आणि खोलीचे भाडे थकले आहे, ती खोटे बोलून नोकरी मिळवत असेल तर तिला पिंजऱ्यात उभे करायला मी जाणार नाही. मला चिड येते ती खोटे बोलण्याची युक्ती शिकवणाऱ्या पुढाऱ्यांची. तोंडी थाप पुढे लेखी होते. ‘अन्यत्र अर्ज केलेला नाही’ अशा ओळीखाली सही होते, आणि उद्या अनुभवाचा दाखला अडवायला मालकाच्या हातात तोच कागद असतो. थाप शिकवणारा तेव्हा फोन उचलत नाही.

मालकाचा हिशेब इथे संपला. आता ज्यांचे आपण खरोखर देणे लागतो त्यांच्याकडे येतो, आणि इथे मी आपल्याच बाजूला चार शब्द कडक बोलणार आहे.

पहिला रुग्ण. सरकारी कॉल आला की फोन बंद करून गायब होणे ही सर्रास रीत झाली आहे. ‘पगार हातात पडला, उद्यापासून येत नाही.’ मालकाची खोड मोडली असे वाटते. पण मालक त्या रात्री आयसीयूत नसतो. आयसीयूत गंभीर रुग्णामागे एक परिचारिका असावी हा मान्य निकष, आणि आपल्याकडे ती आधीच दोन-तीन रुग्ण सांभाळत असते. एक गायब झाली की उरलेलीला डबल ड्युटी पडते, आणि पहाटे चारला इन्फ्युजन पंपाचा दर वाचताना तिचे डोळे मिटत असतात. ती उरलेली मुलगी बहुधा आपल्यासारखीच असते : कर्जतहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी, बॉण्डमध्ये अडकलेली. खाटेवरचा माणूसही काही दरवेळी धनाढ्य नसतो. पालिका रुग्णालयात खाट मिळाली नाही म्हणून दागिने गहाण टाकून आलेला रिक्षावाला असतो. मालकाविरुद्धचा राग या दोघांच्या अंगावर काढायचा आणि त्याला बंड म्हणायचे, हे मला पटत नाही.

म्हणून नोटीस द्यायची. महिन्याची असेल तर महिना. सरकारी ठिकाणी रुजू होण्याची मुदत कमी असेल तर तिथे मुदतवाढ मागता येते. तेही जमत नसेल तर नोटीसचा पगार भरून मोकळे व्हा, पण तारीख लेखी सांगा, ड्युटीचा तक्ता त्याप्रमाणे बदलू द्या, शेवटच्या पाळीचा हँडओव्हर खाटेशेजारी उभे राहून द्या. ज्याने आपल्याला पिळले त्याच्यासाठी हे करायचे नाही. खाट क्रमांक सातच्या आजींना रात्री दहाचे इन्सुलिन कुणी दिले, दिले की नाही, हे पुढच्या मुलीला कळावे म्हणून करायचे.

दुसरी, रांगेत मागे उभी असलेली मुलगी. आणि हा सगळ्यात दुखरा भाग आहे.

‘सरावासाठी’ मुलाखती देण्याची एक फॅशन आली आहे. जायचेच नाही अशा ठिकाणी मुलाखत द्यायची, ऑफर लेटर घ्यायचे, ग्रुपवर फोटो टाकायचा, आणि रुजू व्हायच्या दिवशी जायचे नाही. मुलाखत देणे वेगळे. जागा बघितली, पगार ऐकला, नको म्हटले, यात काहीच गैर नाही; उमेदवारालाही रुग्णालय तपासून पाहण्याचा हक्क आहे. पण हो म्हणून जागा अडवून ठेवणे वेगळे. त्या चार-सहा आठवड्यांत ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असती.

खासगी नोकरीत हे एक वेळ निभावते. सरकारी भरतीत काय होते ते बघा. अभ्यासात हुशार असलेली आपली एक मुलगी वैद्यकीय शिक्षण संचालनालयाची परीक्षा देते, सार्वजनिक आरोग्य विभागाची देते, महापालिकेची देते, ‘नॉर्सेट’ही देते. चार ठिकाणी अनुसूचित जातीच्या यादीत तिचे नाव येते. तिचा अभिमान वाटलाच पाहिजे. रुजू ती एकाच ठिकाणी होणार. बाकी तीन ठिकाणी काय होते? ती काही कळवत नाही. काही ठिकाणी मुदतवाढ मागून ठेवते, ‘बघू, एम्सचं काय होतंय’ म्हणून. कागदपत्र पडताळणीला जाऊनही येते. प्रशासन निवांत वाट बघते. प्रतीक्षा यादीला मुदत असते, साधारण वर्षाची. ती संपते. आणि तीन राखीव जागा रिकाम्या राहतात, अनुशेषात जातात, पुढची जाहिरात कधी येईल ते कुणाला माहीत नसते. मधल्या काळात प्रतीक्षा यादीत तिच्या खाली असलेल्या मुलीची वयोमर्यादा ओलांडलेली असते. मग दहा वर्षांनी कुणीतरी भाषणात विचारतो, ‘‘अनुशेष का भरला नाही?’’

या जागा कशा मिळाल्या आठवून पाहा. धम्म स्वीकारलेल्या आपल्या माणसांना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. तोवर दिल्लीच्या भरतीत बौद्ध म्हणून अर्ज भरला की आरक्षण गेले, अशी अवस्था होती. त्या लढ्यातून उघडलेल्या दारात एकाच माणसाने चार पाय घालून उभे राहायचे?

कुणी म्हणेल, हा दोष सरकारचा आहे. अर्थातच आहे. एकत्र यादी नाही, भरत्या वेगवेगळ्या, प्रतीक्षा यादी वेळेत उघडत नाहीत. उलट कायम पदे भरायचे टाळून बाह्यस्रोताने माणसे घ्यायची धडपड चालते. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या सरकारी परिचारिका त्याविरुद्ध संपावर गेल्या होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला आणि गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. रिकाम्या राहिलेल्या राखीव जागा हे अशा कंत्राटीकरणाचे आवडते निमित्त आहे : ‘बघा, उमेदवारच येत नाहीत.’ आपण ते निमित्त त्यांच्या हातात का द्यायचे? लोकसेवा आयोगाने आपल्या परीक्षांत भरती प्रक्रियेतून आधीच बाहेर पडण्याचा, ‘ऑप्टिंग आउट’चा पर्याय दिला आहे, म्हणजे खालच्या उमेदवाराला जागा मिळते. परिचारिकांच्या सगळ्या भरत्यांत तसा पर्याय असावा आणि प्रतीक्षा यादी ठरलेल्या तारखेला उघडावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत बाहेर पडल्याचे कळवणे आपल्याच हातात आहे.

‘मग मी एकच परीक्षा देऊ का?’ नाही. सगळ्या द्या. सगळ्यांत पहिल्या या. खासगी नोकरी करत करत द्या, रात्रपाळीहून येऊन द्या. निवड झालेल्यांतून तुम्हाला आवडेल ती जागा घ्या. फक्त एका ठिकाणी रुजू झालात, नोकरीवर हजर झाल्याची पोच हातात आली, की त्याच आठवड्यात बाकीच्या जागा सोडल्याचे लेखी कळवा. त्याआधी नाही. वैद्यकीय तपासणी, जात वैधता, चारित्र्य पडताळणी यांत कुठेही गाडी अडकू शकते, म्हणून घाई करून हातातली जागा घालवू नका.

पत्र दोन ओळींचे पुरते. भरतीचे नाव, परीक्षेचा आसन क्रमांक, प्रवर्ग, निवड यादीतला क्रमांक, आणि ‘मी या पदावर रुजू होणार नाही, माझ्या जागी प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास बोलवावे’. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच फाइलला लावा. तुमच्या खाली ज्या मुलीचे नाव आहे तिचा फोन नंबर यादीत छापलेला नसतो, पण ती बहुतेक वेळा तुमच्याच तयारीच्या ग्रुपमध्ये असते. तिला पत्राची प्रत पाठवा. ती हातात असली की तिला कार्यालयात जाऊन विचारता येईल की जागा रिकामी झाली आहे, मग माझा कॉल कधी येणार.